जुन्या गाडीची बॅटरी केबल आणि सेल्फचं वायरिंग स्वतः बदलायचं आहे. किती जाडीची केबल घ्यावी आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलं आहे की बॅटरी नवी आहे, दिवे लख्ख लागतात, पण सेल्फ मारला की कधी नुसतं 'टक्' होतं, कधी इंजिन जडपणे फिरतं. अशा वेळी सेल्फची मोटर खोलायच्या आधी केबलकडे बघायचा तुमचा विचार मला अगदी पटला. फक्त पॉझिटिव्ह केबल बदलून थांबू नका. सेल्फला गेलेला सगळा करंट अर्थमधून (म्हणजे इंजिन आणि बॉडीच्या धातूतून) बॅटरीकडे परत यावा लागतो आणि जुन्या गाड्यांचं दुखणं बरेचदा त्या परतीच्या वाटेवरच असतं.

दिवे लागतात म्हणजे वायरिंग ठीक, असं मात्र नाही. दिव्यांना मोजके अँपिअर लागतात, सेल्फला साधारण दीडशे, आणि जाम इंजिन हलवताना त्याहून जास्त. गंजलेल्या एखाद्या जोडावर एक शतांश ओहम रोध असला, तर पाच अँपिअरला ०.०५ व्होल्ट पडतात, ते कळतही नाही. दीडशे अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट जातात.

म्हणून आधी मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल) येणारी वायर काढून टोक टेपने झाकलेलं. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर) आणि दुसरं मोटरच्या मोठ्या बोल्टवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिन फिरत असताना अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वाटेत कुठेतरी अडतंय. मग निगेटिव्ह खांब ते मोटरची बॉडी असं मोजा, तिथे ०.२ ते ०.३ च्या वर जाऊ नये. एकेका जोडावर टोकं सरकवत गेलात की दोषी जागा सापडते. नुसतंच 'टक्' होत असेल, तर सेल्फ मारलेला असतानाच सोलेनॉइडच्या (मोटरचा मोठा करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच) दोन मोठ्या बोल्टांमध्ये मोजा. जवळजवळ सगळे १२ व्होल्ट तिथेच दिसले, तर आतले कॉन्टॅक्ट जुळत नाहीयेत. आधी सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर पुरेसे व्होल्ट येतात का तपासा. येत असतील तर सोलेनॉइड बदला, केबल बदलून तो सुधारणार नाही.

आता इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या अर्थ पट्टीबद्दल, कारण ती नेहमी विसरली जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे ही पट्टी नसेल तर ते विजेच्या दृष्टीने बॉडीपासून वेगळंच. मग करंट मिळेल ती वाट धरतो: ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागते का, हे हाताने बघा. लागत असेल तर निदान झालंच. नवी पट्टी बसवताना दोन्हीकडचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू उघडा करा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा.

जाडीचं म्हणाल तर २५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये दीडशे अँपिअरला दर मीटरला सुमारे ०.१ व्होल्ट पडतो. बॅटरी बॉनेटखाली असेल तर एवढी जाडी बहुतेक पेट्रोल गाड्यांना पुरते. मूळ मिनीसारखी बॅटरी डिकीत असेल, तर ३५ किंवा ५० घ्या. तुमची गाडी ६ व्होल्टची असेल तर ५० च. तेवढ्याच ताकदीला तिथे दुप्पट करंट लागतो. केबल शुद्ध तांब्याचीच हवी. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. एक तार खरवडली की पांढरी निघते. ती घेऊ नका, कितीही जाड दिसली तरी.

टोकांचे लग (बोल्टवर बसणारी धातूची कडी) हायड्रॉलिक दाबयंत्राने क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून घ्या, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. फक्त सोल्डर केलेला लग मला आवडत नाही: कथील तारांमध्ये वर चढतं, केबल तिथे कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी त्याच रेषेवर तुटायला लागते.

काढायला घेताना सगळ्यात आधी अर्थचं टर्मिनल सोडा आणि जोडताना तेच शेवटी लावा. कारण उलटं केलंत, तर दुसरं टर्मिनल सोडताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. पण कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तेव्हा कोणती केबल बॉडीला जाते हे डोळ्यांनी पाहूनच ठरवा, रंगावर भरवसा नको. माप घेतानाही हे ध्यानात ठेवा. वायरी सोडण्याआधी फोटो काढा आणि चिठ्ठ्या बांधा. सोलेनॉइडवर इग्निशन कॉइलची एक छोटी वायर असू शकते, ती सेल्फ मारताना बॅलास्ट (एरवी कॉइलचं व्होल्टेज कमी ठेवणारा रोध) टाळून कॉइलला पूर्ण व्होल्टेज देते. ती चुकीच्या जागी गेली तर गाडी सुरू व्हायला त्रास देते.

मोटरच्या बोल्टवर दोन नट असतील तर आतला नट पान्याने धरून मगच बाहेरचा आवळा. बोल्ट गरागरा फिरला तर मोटरच्या आतल्या कॉइलचा जोड तुटतो आणि चांगली मोटर वाया जाते. लग थेट आतल्या नटवर बसू द्या. वॉशर बाहेरच्या बाजूला, मध्ये नाही.

शेवटी केबलची वाट. सोलेनॉइड मोटरवरच असलेल्या गाड्यांत ही केबल चोवीस तास जिवंत असते आणि तिच्यावर सहसा फ्यूज नसतो. सायलेन्सरच्या पाइपवर टेकून इन्सुलेशन वितळलं, तर थेट आग. म्हणून पाइपपासून लांब न्या, क्लिपांनी बांधा, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला, आणि इंजिन हलेल एवढी ढील ठेवा. बॅटरी जोडल्यावर पुन्हा तीच दोन मापं घ्या. आकडे खाली आले आणि तरीही इंजिन जडच फिरत असेल, तर आता मोटर उतरवायला हरकत नाही.