सेल्फ उतरवायच्या आधी : ‘टक्’ आवाज आणि मिणमिणती चार्जिंग बत्ती

दादा, तुम्ही जे सांगितलंत ते थोडक्यात असं : इंदूरजवळ महूकडच्या शेतावर १८ हॉर्सपॉवरचा, तीन सिलेंडरचा जुना छोटा ट्रॅक्टर, बटाट्याच्या सऱ्यांत चालवता. सकाळी चावी मारली की एकदा ‘टक्’ वाजतं आणि पुढे शांत. चार-पाचदा मारल्यावर कधीतरी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड जड फिरतो. बॅटरी दिवाळीच्या आधी नवी घातलीत. इंजिन चालू असताना चार्जिंगची बत्ती पूर्ण विझत नाही, मंद पेटलेली राहते. आता मिस्त्री म्हणतोय सेल्फ आणि अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा पार्ट) दोन्ही बदला.

दोन्ही तसेच राहू द्या, निदान मल्टीमीटर लावेपर्यंत. मला ही दोन वेगळी दुखणी वाटत नाहीत. अशा जुन्या ट्रॅक्टरवर निम्म्याहून जास्त वेळा पार्ट चांगले निघतात आणि खराब असतात ते जोड : बॅटरीचे टर्मिनल, आर्थिंगची पट्टी (बॅटरीचा मायनस चेसिसला जोडणारी), चावीच्या मागचे कनेक्टर. जोडात अडथळा असला तर सेल्फला करंट पुरत नाही, आणि त्याच वाटेने परत येणारं चार्जिंगही बॅटरीपर्यंत नीट पोचत नाही. मग नवी बॅटरी अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटींवर सल्फेट चढतं आणि दुकानदार म्हणतो, बॅटरीच खराब निघाली.

एवढ्या डिझेल इंजिनला फिरवताना सेल्फ साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो. १५० अँपिअर धरा. जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच जातात. हा अडथळा मल्टीमीटर ओहमवर ठेवून दिसत नाही, मीटर शून्यच दाखवतो. टेस्ट लॅम्पही लख्ख पेटतो, कारण त्याला अर्धा अँपिअर लागतो. म्हणून मिस्त्री लॅम्प लावून ‘लाइन येतेय’ म्हणतो, ते खरं असतं आणि निरुपयोगीही. मोजायचं ते सेल्फ मारत असताना.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० ला ती जवळजवळ रिकामी समजा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या ॲसिडची घनता दाखवणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल बघा. भरलेल्या सेलला १.२६५ ते १.२८० मिळतं. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा जास्त खाली असेल तर बॅटरी गेली, पुढचा खटाटोप नको. कमी भरलेली असेल तर बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा. अर्धवट बॅटरीवर घेतलेले पुढचे आकडे फसवतात.

आता मुख्य तपासणी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायची दोरी ओढून धरलेली, म्हणजे ते पेटणार नाही. सीटवर बसून कुणीतरी चावी मारायची, तुम्ही मीटर धरायचा. मीटर डीसी व्होल्टवर. लाल काडी बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर), काळी काडी सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. चावी मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर वायर ठीक. जास्त आलं तर काळी काडी मागे सरकवत आणा : आधी वायरच्या थिंबलवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर), मग क्लॅम्पवर. आकडा जिथे एकदम पडतो, त्याच्या पुढच्या जोडात खोट.

हेच आर्थिंगला करा. एक काडी बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर, जिथे कोरं लोखंड दिसतं तिथे. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेलं की आर्थिंग खराब. माझा पहिला संशय इथेच आहे. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात चेसिसला चिकटते, आर्थच्या पट्टीवर ओल धरून बसते आणि आतून हिरवट गंज चढतो, वरून पट्टी ठणठणीत दिसते. त्यात कुणीतरी ट्रॅक्टर रंगवताना पट्टीखालच्या बोल्टवरही रंग मारलेला असतो. पट्टी काढा, दोन्ही बाजूंचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. शंका असेल तर बॅटरीच्या मायनसपासून थेट सेल्फच्या बोल्टपर्यंत जाड तांब्याची नवी केबल टाका. इंदूरच्या लोहामंडीत किंवा सियागंजात थिंबल दाबून बनवून मिळते. ट्विस्ट करून टेप गुंडाळलेली केबल मात्र नको.

मीटर हाताशी नसेल तर हेडलाइट लावून चावी मारा. ‘टक्’ झाल्यावर लाइट एकदम मरत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिच्या टर्मिनलला दोष आहे. लाइट तशीच प्रखर राहिली तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये : सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे) काँटॅक्ट, सेल्फचे कार्बन नाहीतर जाड वायर. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा असतो. आणि काहीच आवाज नाही, तर चावी, फ्यूज, क्लचखालचा सेफ्टी स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू न देणारा).

वरचे दोन्ही आकडे चांगले आले, चावी मारताना सेल्फच्या बोल्टवर १० व्होल्टच्या वर मिळताहेत, आणि तरीही फक्त ‘टक्’, तर मिस्त्री बरोबर, सेल्फ उतरवा. तेव्हाही अख्खा सेल्फ बदलू नका. सोलेनॉइडच्या आत तांब्याचे काँटॅक्ट असतात, ते जळून अर्धे होतात. तेवढेच, सोबत कार्बन आणि बुश बदलून निभावतं. देवास नाक्याकडे ट्रकांची कामं करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम बसल्या जागी करतात.

चार-पाचदा मारल्यावर फिरतो म्हणालात, त्यावरून आणखी एक जागा तपासा : चावीकडून सोलेनॉइडला येणारी बारीक वायर. चावी मारताना तिच्यावर ८-९ व्होल्टच मिळत असतील तर चावीचा स्विच झिजलाय. उपाय सोपा आहे, १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले लावा. चावीची जुनी वायर ८६ नंबरला, ८५ आर्थला, ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज घालून वायर, ८७ वरून सोलेनॉइडला. सेफ्टी स्विच मधल्या वाटेतून काढू नका.

पेचकस टेकवून सेल्फ शॉर्ट करायची सवय गावोगाव आहे. त्यात सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर पेटताक्षणी पुढे जातो आणि आपण मागच्या चाकासमोर उभे असतो. माणसं अशी चेंगरली आहेत. घाई कितीही असो, ते करू नका.

आता मिणमिणती बत्ती. ही बत्ती नुसती सूचना देत नाही. बहुतेक अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट तिच्यातूनच मिळतो, म्हणून बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकतं. चावी लावल्यावर, इंजिन बंद असताना ती पेटलीच पाहिजे. चालू इंजिनात मंद राहते याचा अर्थ तिच्या दोन टोकांच्या व्होल्टमध्ये फरक आहे. कारणं दोनच मोठी. एक, अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय. दोन, चावीकडून बत्तीला येणाऱ्या वाटेत व्होल्ट गळताहेत, म्हणजे पुन्हा स्विच नाहीतर फ्यूज होल्डरचा गंज. तुमच्या बाबतीत मी दुसऱ्यावर पैसे लावीन, पण ताडून बघणं सोपं आहे. इंजिन मध्यम रेसवर ठेवा, लाइट बंद, आणि बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. १३.८ ते १४.५ मिळाले तर चार्जिंग होतंय. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर मोजा. तिथे १४ आणि बॅटरीवर १३ म्हणजे मधली वायर चोर. दोन्हीकडे कमी, तर आधी बेल्ट बघा. अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिलिमीटर दबावा आणि आतली बाजू काचेसारखी चकाकत नसावी. मग आत कार्बन आणि रेग्युलेटर (व्होल्ट आवाक्यात ठेवणारा) बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर सुटलाय. तो बॅटरी उकळवून मारेल.

डायोड गेलाय का हे सकाळी हातानेही कळतं. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर कोमट लागला तर डायोड शॉर्ट आहे आणि बॅटरी रात्रभर त्यातूनच उतरतेय. ट्रॉलीचा हुक किंवा कल्टिव्हेटर ट्रॅक्टरला लावलेलाच वेल्ड केलात का अलीकडे? वेल्डिंगआधी अल्टरनेटरच्या वायरी सोडवल्या नाहीत तर डायोड जातात. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघणारा मिस्त्री भेटला तर त्याला हात लावू देऊ नका.

काही छोट्या जपानी मॉडेलांत अल्टरनेटर नसून चुंबकाचा डायनमो असतो, बाहेर रेग्युलेटरचा धातूच्या पात्यांचा डबा. तसा असेल तर डायनमोच्या दोन सारख्या वायरी डब्यापासून सोडवून मीटर एसी व्होल्टवर लावा. रेस वाढवली की व्होल्ट वाढत २० च्या पुढे जायला हवेत. जात असतील तर दोष डब्यात किंवा त्याच्या आर्थिंगमध्ये, नाहीतर डायनमोत.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरकडे पहाटे पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा सेल्फ नीट फिरूनही इंजिन पेटत नसेल तर सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाहीये : हीटर प्लग (थंडीत सिलेंडर आधी तापवणारे) तपासा. वायर सोडवून प्लग ओहमवर मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत येतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. धूरच नाही तर डिझेल येत नाही, डिझेलच्या लाइनमधली हवा काढा. हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी भडकतो आणि पिस्टन जातो.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना चार आकडे घ्या : उभ्या बॅटरीचे व्होल्ट, चावी मारताना बॅटरीचे, प्लस वायरचा आणि आर्थिंगचा फरक. ते कळवा, सोबत चार्जिंगच्या पार्टचा फोटो. अल्टरनेटर की डायनमो ते त्यावरून सांगतो.