शाळेच्या ऑफिसातल्या फ्रेमा कशा वाचायच्या?

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या ऑफिसात पुरस्कारांच्या दहा-बारा फ्रेमा आहेत. मुलीला जूनमध्ये पहिलीत घालायचंय. या पुरस्कारांवर कितपत जावं?

उत्तर :

29 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, तीन गावं झाली, आणि असल्या फ्रेमा स्टुलावर चढून मी स्वतः खिळे ठोकून लावल्यात. म्हणून सांगते, फ्रेमेवर पुरस्काराचं नाव नंतर वाचा, आधी साल बघा. मग आत्ताचे गुरुजी-बाई या शाळेवर कधी हजर झाले ते विचारा. ही दोन सालं जुळत नसतील तर तो पुरस्कार दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

वाडीवस्तीवरची शाळा बहुतेक द्विशिक्षकी असते. पट 60 पर्यंत असला तर शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला दोनच शिक्षक मिळतात. एकाची बदली झाली की निम्मी शाळा गेली म्हणायची. इमारत तीच, फ्रेमा त्याच, पण ज्यांच्यामुळे त्या मिळाल्या ते चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या गावात पाढे घेत असतात. शिरूर तालुक्यातलं वाबळेवाडी तुम्ही ऐकलं असेल, काचेच्या वर्गखोल्यांची शाळा. तिथलं काम ज्यांनी उभं केलं ते दत्तात्रय वारे गुरुजी पुढं खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, आणि 2025 मध्ये त्या छोट्या शाळेला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी घाम गाळल्याशिवाय हे होत नाही, ते दोन्हीकडं झालंच. तरी माणूस हलला की काय काय हलतं ते यावरून दिसतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचंही तसंच. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलरचा, तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकली. पुरस्कार शिक्षकाचा होता, पण लोक बोलताना 'परितेवाडीच्या शाळेला मिळाला' असंच म्हणतात.

आता आयएसओ प्रमाणपत्राची फ्रेम. तुमच्याकडच्या फ्रेमांत ती नक्की असणार, आणि 2015 च्या आगंमागंची असणार. त्या वर्षी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. साताऱ्याकडचं कुमठे बीट (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) बघायला शिक्षक गाड्या भरून जायचे आणि परत येऊन तिथल्यासारख्या वर्गाच्या फरशा रंगवायचे. त्याच लाटेत आयएसओ आलं. एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते : आयएसओ ही जिनिव्हाची संस्था नुसती मानकं ठरवते, प्रमाणपत्र कुणालाच देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या फी घेतात. शिवाय ते मानक कामकाजाचं आहे, म्हणजे नोंदी, फाइली, कुठली गोष्ट कुणाच्या जबाबदारीची. पोराला वाचता येतं का, हे त्यात कुणी विचारत नाही.

आमच्या शाळेनंही घेतलं. लोकवर्गणी जमली. कुणी सिमेंटची पोती दिली, कुणी रंगाचे डबे, एका आजीनं अंडी विकून साठवलेले दोनशे रुपये आणून दिले. प्रत्येक वस्तूवर लॅमिनेट केलेली चिठ्ठी चिकटवली : 'घड्याळ', 'कचराकुंडी', 'प्रथमोपचार पेटी'. हात धुवायला ओळीनं सहा चकचकीत नळ बसवले आणि तपासणीच्या आदल्या दिवशी टँकर मागवून टाकी भरली. मीच फोन केला होता टँकरला. मार्चमध्ये त्याच नळांखाली पोरं बादलीतल्या तांब्यानं एकमेकांच्या हातावर पाणी घालत होती. फ्रेम मात्र झकास दिसते अजून. अर्थात सगळंच नाटक नव्हतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी असलेलं दार त्याच वर्गणीतून आलं, आणि त्याच्यासाठी मी चार वर्षं अर्ज करत होते.

स्वच्छ शाळेचे, सुंदर शाळेचे जे पुरस्कार असतात त्यांचंही थोडंफार असंच. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा'ला रक्कम चांगली होती, तालुक्यात पहिल्या आलेल्या शाळेला तीन लाख. ते पैसे कुठं गेले हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत बेधडक विचारा, पालकांचा हक्कच आहे तो. केंद्र आणि बीट पातळीवरच्या कबड्डी-लंगडीच्या ढाली असतील तर मला आवडतं. मुलं मैदानावर उतरतात एवढं तरी कळतं.

पण मी तुमच्या जागी असते तर ऑफिसात फार वेळ घालवला नसता, व्हरांड्यात गेले असते. तिथं शिष्यवृत्तीचा फलक असतो. काळ्या किंवा हिरव्या पाटीवर पेंटरनं पांढऱ्या रंगात लिहिलेली नावं, पुढं साल, पुढं गुण. हे गुण वर्गणी काढून मिळत नाहीत. परीक्षा राज्याची, पेपर बाहेरून येतो, 300 गुण, आणि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना घोकंपट्टी चालत नाही. शिकवणारा माणूस शाळा सुटल्यावर दीड-दोन तास थांबला, तरच वाडीवरचं पोर त्यात बसतं.

हा फलक वाचताना नावांपेक्षा मधल्या रिकाम्या वर्षांकडं बघा. एका साली चार, पुढच्या साली पाच, मग सहा वर्षं काहीच नाही, म्हणजे मध्ये बदली झाली. दरवर्षी एकच नाव पण वीस वर्षं न चुकता, असा फलक सापडला तर डोळे झाकून मुलीला घाला. तिथं शिक्षक बदलले तरी रीत टिकलेली असते.

एक खोच आहे मात्र. कित्येक शाळांचे फलक 2015 पाशी थांबलेले दिसतील. लगेच 'शाळा बसली' असं धरू नका. आधी ही परीक्षा चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला नेली. जिथं वर्गच चौथीपर्यंत, त्या शाळेनं नाव लिहायचं कुणाचं? आम्ही चौथीपर्यंत घासून घ्यायचो, आणि पोर पाचवीला मोठ्या गावच्या हायस्कुलात गेलं की त्याचं नाव तिकडच्या फलकावर लागायचं. तक्रार नाही, पोराचं भलं झालं. पण त्या वर्षांत पालक आमच्या व्हरांड्यात उभे राहून म्हणायचे, "बाई, हल्ली तुमच्याकडं कुणी येत नाही वाटतं स्कॉलरशिपला."

2025-26 पासून ही परीक्षा परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं. म्हणजे तुमची मुलगी चौथीत जाईल तेव्हा तिचं नाव त्याच भिंतीवर लागू शकेल.

बाकी, एखाद्या सकाळी न सांगता शाळेत जा. तिसरीतल्या कुठल्याही पोराला (गुरुजींनी पुढं केलेल्या नव्हे) दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला लावा. अडखळलं तरी चालेल. अडल्यावर ते बाईंकडं बघतं का दाराकडं, तेवढं बघून ठेवा.

परीक्षा परत चौथीला आणायचा निर्णय झाल्यावर माझ्या शेवटच्या शाळेवरच्या गुरुजींचा फोन आला होता. फलकाचा रंग उडालाय, सगळा पुसून नव्यानं रंगवू का, की नुसती खालची जागा वापरू? मी म्हटलं, पुसू नका, आधी मोजा. मोजून त्यांनी परत फोन केला. 2015 च्या खाली अकरा ओळी बसतात.