घोंगडी टोचते, तरी आजी ती का सोडत नाही?

प्रिय सई,

तुझे दोन प्रश्न एका दमात आले. आजीची घोंगडी एवढी टोचते, तर ती पांघरते कशी? आणि न्यूझीलंडमध्ये जिकडेतिकडे मेंढ्या दिसतात, तरी तसली घोंगडी इथे का मिळत नाही, आणि हल्ली पुण्यात तरी सहज का मिळत नाही? दोन्हीची सुरुवात लोकरीच्या तंतूपासून होते.

तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याचं टोक कातडीला लागून वाकत नाही, रुततं. मऊ मेरिनोचा तंतू २० च्या आतला, म्हणून तुझा थर्मल उघड्या अंगावर चालतो. घोंगडी होते दख्खनी मेंढीच्या लोकरीची. सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या कमी पावसाच्या पट्ट्यातली ही मेंढी बहुतेक काळी. तिचा तंतू ३० च्या बराच पुढचा, राठ, आणि त्यातले कितीतरी आतून पोकळ. टोचणारच! म्हणून घोंगडी उघड्या अंगावर घ्यायचीच नाही. आत गोधडी, वर घोंगडी. आजी तसंच करते.

पण हीच राठ लोकर मेंढपाळाच्या कामाची आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. अंगच्या मेणामुळे पावसाचं पाणी आधी वरून ओघळतं. घोंगडीचं एक टोक आत दुमडून डोक्यावर घेतलं की तिची खोळ होते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. शेकोटीची ठिणगी पडली तर लोकर तेवढ्यापुरती जळून विझते. ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे आणि पावसाळ्याआधी परत वर येणारे धनगर उघड्यावर झोपतात, त्यांना याहून चांगलं पांघरूण कोण देणार?

आता ती होते कशी ते बघ, कारण मोडलंय काय ते त्यातच दिसतं. मेंढ्या धुऊन वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही, आणि एका घोंगडीला दीड-दोन किलो सहज लागते. लोकर रंगाप्रमाणे निवडायची, पिंजायची, मग सूत कातायचं. कातणाऱ्या बहुतेक बायका, आणि एका विणकराला सूत पुरवायला अशा कितीतरी जणी लागतात. विणणारे सणगर समाजाचे. ते ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लांब पसरून त्याला चिंचोक्याची खळ देतात: चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे, चिकट होईपर्यंत शिजवायचे आणि कुंच्यानं सुतावर ओढायचं. खळ घट्ट झाली तर सूत कडक होऊन मागावर तुटतं. पातळ झाली तर तंतूंची टोकं उभी राहतात आणि शेजारचे धागे एकमेकांत अडकतात. ती सुताला नीट मुरली पाहिजे, आणि हा अंदाज हातालाच येतो. खड्ड्याच्या मागावर विणायला दोन-चार दिवस, पण त्याआधीचं कातणं कितीतरी आठवड्यांचं. नवी घोंगडी ताठ लागते ती या खळीमुळे. वापरून वापरून ती नरमते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. घोंगडी दुकानातून गेली ती लोकांना नकोशी झाली म्हणून, असं समजू नकोस. तिच्यामागचा एकेक हात आधी सुटला.

पहिला सुटला मेंढीचा. मटणाला भाव चढत गेला आणि लोकरीला कोणी विचारेना. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावाला भारी पडायला लागली, तेव्हा कातरलेली लोकर शेतातच टाकून दिली जाऊ लागली. मग मेंढपाळानं लोकर कमी पण वाढ भरभर असलेली माडग्याळीसारखी मेंढी धरली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बाजार ज्याचे पैसे देतो तेच तो पाळणार. दुसरीकडे उसाचं पाणी माळावर चढलं, कारखाने आणि वसाहती आल्या, चराईची जमीन आटली. पूर्वी शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलवायचा आणि बदल्यात धान्य द्यायचा. खताचं पोतं मिळू लागल्यावर ते बोलावणंही पुष्कळ ठिकाणी कमी झालं.

मग गिरण्या. १९९१ नंतर आयात सोपी होत गेली. यंत्रं बारीक, एकसारख्या तंतूसाठी बसवलेली, आणि असा तंतू बाहेरून हवा तितका येतो. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, तेव्हा तिथल्या लोकरीवरचा उरलेला अडीच टक्के करही गेला. मेरिनो काही घोंगडीची थेट स्पर्धक नाही. पण देशी राठ लोकरीसाठी वेगळी यंत्रं, वेगळी खरेदी उभी करायचं कारण मात्र कोणाला उरलं नाही.

आणि पानिपत. श्रीमंत देशांत लोकांनी टाकलेले स्वेटर आणि कोट गठ्ठ्यांनी हरियाणातल्या या गावी जातात. तिथे ते रंगाप्रमाणे वेगळे होतात, बटणं आणि चेन कापून निघतात, यंत्रात फाडून पुन्हा सूत होतं आणि त्यातून स्वस्त ब्लँकेट. घोंगडीला ज्यांनी मागे सारलं त्यात हे मोठं. पुढे पॉलिएस्टरच्या गुबगुबीत ब्लँकेटनी त्यालाही मागे टाकलं. हलकं, धुवायला सोपं, काही शे रुपयांचं. थंडीत कुडकुडणाऱ्या घरात ते ब्लँकेट आलं याचं मला वाईट वाटत नाही, आणि पदरात जवळजवळ काहीच न पडता बायकांनी आयुष्यभर सूत कातत बसावं असंही मी म्हणणार नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन पांघरुणांच्या किमती शेजारी ठेवतात, पण एकीत मेंढी, माळ, खत, कातणारी आणि विणकर सगळे धरलेले असतात, आणि दुसरीत खनिज तेलामुळे होणारं नुकसान आणि दर धुण्यात पाण्यात जाणारे प्लॅस्टिकचे बारीक तंतू धरलेलेच नसतात. असा हिशेब मांडला तर घोंगडी दर वेळी महागच ठरणार.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं मात्र नाही. आपण राहतो त्या न्यूझीलंडमध्ये १९८२ मध्ये सात कोटींवर मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या खाली आहेत. इथली बरीच लोकर रॉम्नीसारख्या मेंढ्यांची, तीही ३० मायक्रॉनच्या पुढची, गालिच्याची. नायलॉनचा गालिचा आला आणि कित्येक शेतकऱ्यांना कातरणीचा खर्चही सुटेनासा झाला. २०२३ मध्ये इथल्या शिक्षण खात्यानं छोट्या ग्रामीण शाळांसाठी नायलॉनच्या गालिच्याच्या फरशा निवडल्या, तेव्हा मेंढपाळ भडकले ते याचसाठी. सांगलीतल्या आटपाडीचा धनगर आणि इथला शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांच्याही हातून लोकर गेली त्यात तेलापासून बनलेल्या धाग्याचा मोठा वाटा आहे. फरक एवढाच की इथल्या शेतकऱ्याच्या बाजूनं बोलायला संघटना आहेत, बातम्या आहेत. सणगर विणकराचा माग बंद पडतो तेव्हा गल्लीबाहेर कोणाला कळत नाही.

सुट्टीत आपण घोंगडी घेऊ, तेव्हा हे बघायचं. यात्रेच्या ठिकाणी काळं ॲक्रिलिक घोंगडी म्हणून खपवतात. दुकानदाराला विचारून काठाचा एक धागा काढ आणि आपल्यापैकी मोठ्या माणसाला पेटवायला सांग. जळलेल्या केसाचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर प्लॅस्टिक. धागा सगळीकडे एकसारखा गुळगुळीत असेल तर तो हातानं कातलेला नाही. काळा रंग ओल्या रुमालावर उतरला तर रंगवलेली आहे, कारण काळ्या मेंढीचा रंग उतरत नाही. भाव करताना कातण्याचे आठवडे आठव.

घरी आणल्यावर वॉशिंग मशीनमध्ये कधीही टाकायची नाही. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते आणि नमद्यासारखी घट्ट, जाड होते. अधूनमधून ऊन दाखवायचं आणि झटकायची, बस. धुवायचीच झाली तर गार पाणी आणि रिठा, पिळायचं नाही, सावलीत आडवी वाळवायची. कसरीची अळी लोकर खाते, म्हणून ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर घडीच्या रेघेवर ती आधी विरते. ऑकलंडच्या विमानतळावर प्राण्यापासूनची वस्तू म्हणून फॉर्मवर लिहायला विसरायचं नाही. आणायच्या आधी काटे-कुसळं, गवत आणि माती नीट झटकून काढ, नाहीतर तिथेच अडकेल.

तुझी,
आई