तळवा सपाट असेल तर रोज ५ किलोमीटर धावण्यासाठी खास बूट घ्यावे लागतात का? (बेळगाव)

नाही, दुकानात घालून थोडे धावून पाहिल्यावर जो जोड सर्वांत सुखकर वाटेल, तोच घ्यावा. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल व मरीन दलातील नवभरतींवर झालेल्या आणि २००९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत काहींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले गेले, तर इतरांना सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांतील दुखापतींच्या प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. त्यामुळे ओल्या पायाचा ठसा पाहून महागडा जोड सुचवणाऱ्या विक्रेत्याचे फार मनावर घेऊ नये. माप मात्र काटेकोर हवे. दिवसभरात पाय किंचित सुजतात, म्हणून खडेबाजारात खरेदीला जायचे तर संध्याकाळी जावे, धावताना वापरता तेच मोजे घालावेत आणि उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरते का, टाच आत घसरते का, हे दोन्ही पायांत तपासावे. कॅम्पातील डांबरी रस्त्यांसाठी साधा रोड-रनिंगचा तळ पुरतो. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या चिखलाच्या वाटांवर धावणार असाल, तरच खोल खाचांचा ट्रेलचा तळ घ्यावा, कारण तो डांबरावर लवकर झिजतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदलावा. टाच किंवा घोटा आधीपासूनच दुखत असेल, अथवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर ‘सुखकर वाटणे’ ही कसोटी पुरेशी नाही. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा आपल्या डॉक्टरांना पाय दाखवावा.