पेशी 'ओळखतात' की 'अभिज्ञान करतात'?

प्रश्न सोलापुरात नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. कर्करोग जागृतीच्या पत्रकात तिने लिहिलं, "रोगप्रतिकारक पेशी ट्यूमरला ओळखतात आणि त्यावर हल्ला करतात." सरांनी 'ओळखतात'खाली लाल रेघ मारली. पेशीला डोळे नाहीत, मेंदू नाही, ती ओळखणार कशी? 'अभिज्ञान करतात' लिही, म्हणाले. बरोबर कोण?

मुलगी. थोडं चुकलंय तिचंही, पण ते त्या 'ला'मध्ये.

आधी डोळ्यांचं बघू. 'ओळखणे' हा संस्कृत 'उपलक्ष्'पासून प्राकृतातून झिजत आलेला शब्द. गुजरातीतही तो आहे, 'ओळखवुं'. लक्षण, लक्ष ही त्याचीच भावंडं. म्हणजे मुळातच अर्थ 'खुणेवरून जाणणे'. त्यात डोळे कुठेच नाहीत. वैद्य नाडी ओळखतो ती बोटांनी, आपण माणूस ओळखतो तो दारावरच्या थापेवरून.

आमचे शेजारचे काका पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेल तपासायला होते. चष्मा जाड, नजर अधू. माल पुढ्यात घ्यायचे आणि बोलता बोलता तळहात फिरवत जायचे. सूत तुटल्यावर मारलेली गाठ आली की हात थबकायचा. मी वाकून बघायचो, मला काही दिसायचं नाही. "दिसंना तुला, पण हाताला लागतंय बघ," म्हणायचे. काका गाठ 'ओळखायचे' यात कुणाला काही खटकलं नसतं.

टी पेशी हा रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार. तिचं काम जवळपास असंच, चाचपण्याचं. आपल्या जवळजवळ सगळ्या पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेरच्या अंगाला मांडून ठेवतात, एचएलए नावाच्या तबकात. मारक टी पेशीसाठी मांडलेला तुकडा साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या तेवढ्या मण्यांचा. टी पेशी अंगाला अंग घासत जाते आणि तिच्या ग्राहीत, म्हणजे अंगावरच्या खूण पकडणाऱ्या प्रथिनात, तो तुकडा तबकासकट बसतो का, एवढंच तपासते. 'तबकासकट' महत्त्वाचं. नुसता तुकडा चालत नाही, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी १९७४ च्या सुमारास कॅनबेऱ्यात उंदरांवर दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. कर्कपेशीत जनुकं बिघडलेली असतात, त्यामुळे तुकड्यांत एखादा कधी न पाहिलेला निघतो. तो ज्या टी पेशीच्या ग्राहीत बसतो, तिला खूण पटते.

'खूण पटणे' हाच मला इथे सगळ्यांत चपखल प्रयोग वाटतो. पटणे म्हणजे जुळणेही आणि मान्य होणेही. सरांच्या 'अभिज्ञान'शी माझं भांडण नाही. संस्कृतात त्याचा अर्थ ओळख आणि ओळख पटवणारी वस्तूही. अंगठीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'अभिज्ञान करतात' असं मराठीत कुणी बोलत नाही, आणि पत्रक वाचणार आहे ओपीडीच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेला माणूस.

आता तो 'ला'. 'मी आवाज ओळखला' आणि 'मी त्याला ओळखतो' यात फरक आहे. पहिल्यात खूण पटली. दुसऱ्यात घरोबा आहे. 'पेशी ट्यूमरला ओळखतात' म्हटलं की वाटतं, एकाच गल्लीत राहतात. गंमत म्हणजे खरी अडचण तीच आहे. कर्कपेशी बाहेरून आलेली नाही, घरचीच आहे, तिच्या बहुतेक खुणा आपल्याच. शिवाय ती वशिलाही लावते. टी पेशीवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो, जपानी शास्त्रज्ञ होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलेला. पुष्कळ कर्कपेशी तो ब्रेक दाबणारं प्रथिन अंगावर मिरवतात. मग खूण पटूनही टी पेशी हात आखडते. अशा ब्रेकवरचा दाब काढणाऱ्या उपचारांसाठी होंजो आणि अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. तेव्हा अशा ठिकाणी 'पेशींना कर्करोग ओळखता येत नाही' असं लिहू नये. ओळख पटलेली असते, अडतं पुढे.

नैसर्गिक मारक पेशींची तऱ्हा उलटी. काही कर्कपेशी टी पेशींना चुकवायला तबकंच काढून टाकतात. ही दुसरी मंडळी मग 'तुझा पास कुठाय?' म्हणणाऱ्या गेटवरच्या रखवालदारासारखी. खूण नाही, हीच खूण. (त्या एवढ्यावरच मारत नाहीत, धोक्याचे इतर इशारेही बघतात.)

वर्तमानपत्रांत 'पेशींना कर्करोग ओळखायला शिकवतात' असंही येतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा हे बरंच वाचलं. शिकवणं कसलं, रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांच्यावर नवी ग्राही बसवतात. ती सीडी-१९ ही खूण शोधते, आणि ही खूण निरोगी बी पेशींवरही (त्याही रोगप्रतिकारक पेशीच) असते, त्यामुळे त्याही मरतात. पेशीला रोग कळत नाही, खूण तेवढी कळते.

'ट्यूमर'ला सोलापुरात सगळे 'गाठ'च म्हणतात, तेच ठेवावं. 'अर्बुद' शुद्ध आहे, पण ते आकड्याचंही नाव आहे. मात्र प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, आणि रक्ताच्या कर्करोगात बहुधा गाठच नसते.

'हल्ला' चालेल, पण जरा ढोबळ आहे. मारक टी पेशी कर्कपेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडते, आत ग्रँझाइम नावाची विकरं सोडते, आणि ती कर्कपेशी स्वतःच मोडत जाते. 'संपवतात' पुरे.

मी लिहिलं असतं ते असं: "मारक पेशी शरीरभर फिरून इतर पेशी चाचपत असतात. कर्करोगाच्या पेशीची खूण पटली, की तिला संपवतात. कधी कधी मात्र खूण पटूनही त्यांचा हात आखडतो." आणि 'मारेकरी पेशी' नको बरं का, 'मारक'च. वॉर्डात तो शब्द वाचून पेशंट विचारेल, हे मारेकरी माझ्या अंगात कधी शिरले?