रिचार्जेबल पेन्सिल सेल घरात किती वर्षं टिकतात? पुन्हा घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी चार्जरसकट घेतलेले चार सेल आता चार्ज करून टॉर्चमध्ये घातले तर दुसऱ्या दिवशीच मंद होतात. हे सेल असेच असतात का आणि पुन्हा घ्यावेत का?

घ्या. पण आधी चार्जर बदला. मी सांगलीत राहतो. २०१४ च्या दिवाळीत घेतलेल्या माझ्या आठ सेलांपैकी सहा आजही रोजच्या वापरात आहेत. त्याआधीचे चार मात्र तुमच्यासारखेच दोन वर्षांच्या आत बसले होते. पाकिटासोबत आलेल्या चार्जरला सेल भरला हे कळतच नव्हतं. रात्री लावायचो, सकाळी काढायचो, तेव्हा हाताला चटका बसायचा. भरलेल्या सेलमध्ये वीज ढकलत राहिलं की तिची उष्णता होते, आतला ओलावा हळूहळू सुकतो आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. मग सेल भरलेला दिसतो, पण टॉर्चसारखा जोर मागणारं काही लावलं की लगेच मान टाकतो. चांगला चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो. निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे हे नेहमीचे रिचार्जेबल पेन्सिल सेल. असा सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो, तेवढी खूण पकडून तो थांबतो. सेल कोमट होणं ठीक, हातात धरवत नसेल तर काहीतरी चुकतंय.

दुसरी फसगत पाकिटावरच्या आकड्याची. २५०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) दिसलं की आपण २००० चा सेल खाली ठेवतो. पण तेवढ्याच डबीत जास्त माल कोंबला की टिकाऊपणा जातो. पॅनासॉनिकचंच बघा, एनेलूपच्या २००० च्या वर्गातल्या सेलला कंपनी २१०० वेळा चार्ज होईल म्हणते आणि २५०० च्या वर्गातल्या प्रो सेलला ५०० वेळा. अर्थात महिन्यातून एकदा चार्ज केलं तर २१०० वेळा व्हायला १७५ वर्षं लागतील. घरातला सेल वापरून संपत नाही. तो संपतो वयाने, उष्णतेने, चुकीच्या चार्जिंगने.

आणि खरी परीक्षा पडून राहण्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, आमच्या भागातली लाईट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. मोबाईल बंद पडले. कपाटात दोन प्रकारचे सेल होते, दोन्ही मे महिन्यात चार्ज करून ठेवलेले. साध्या रिचार्जेबलवर टॉर्च पेटलीच नाही. ते सेल न वापरताच महिन्याला पंधरा ते तीस टक्के उतरतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून वेगाने. दुसरे 'लो सेल्फ डिस्चार्ज', म्हणजे पडून राहिले तरी फार कमी उतरणारे होते. त्यांच्यावर आमची टॉर्च आणि आईचं बीपीचं मशीन पाणी ओसरेपर्यंत चाललं. हा प्रकार सान्योने २००५ मध्ये बाजारात आणला, आता बऱ्याच कंपन्यांचा मिळतो. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्रीचार्ज्ड' लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या. पूरपट्ट्यात राहणाऱ्याने तर दुसरं काही घेऊच नये.

रिचार्जेबल सेलवर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याची काळजी करू नका. साधा, चार्ज न होणारा अल्कलाइन सेल १.५ वर सुरू होऊन उतरत जातो, हा १.२ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. काही मशीन 'सेल कमी' अशी खूण लवकर दाखवतात, एवढंच. भिंतीवरच्या घड्याळात मात्र हे घालू नका. तिथे साधा सेल वर्षभर जातो, पैसे वसूल होत नाहीत.

माझ्या आठातले दोन गेले ते भावाकडे, तासगावला. थ्री फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात तो बागेत पाणी द्यायला जातो. तीन सेलांच्या टॉर्चमध्ये त्याने दोन माझे आणि एक जुना घातला, आणि काजव्याएवढा उजेड उरेपर्यंत टॉर्च वापरली. अशा वेळी अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून वीज ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होतो. त्या ओढाताणीत माझे दोन्हीही गेले. तेव्हापासून मी प्रत्येक सेलवर मार्करने तारीख आणि जोडीचं अक्षर लिहितो. जोडी मोडायची नाही, उजेड मंदावला की टॉर्च बंद करायची.

यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही आता मिळतात. ते या चार्जरमध्ये चुकूनही घालू नका, पेट घेऊ शकतात.

तुमचे जुने चार सेल लगेच टाकू नका. चांगल्या चार्जरमध्ये तीनदा पूर्ण भरून वापरून बघा. थोडे सुधारले तर रिमोटला चालतील. आणि सध्याच्या चार्जरला जागा चार असून दिवे दोनच आहेत का, तेवढं पाहून सांगा. तसं असेल तर तो जोडीने चार्ज करतोय, आणि चारपैकी दोन सेल अजून चांगले असण्याची शक्यता आहे.