खारट खाल्लं की तहान लागते आणि लघवी कमी होते, असं का?

रक्तात मीठ वाढल्याचं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला लगेच कळतं. रक्ताची तीव्रता (त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १-२ टक्के वाढली तरी पुरते. मग दोन गोष्टी एकदमच होतात. तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून एडीएच, म्हणजे व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखणारं संप्रेरक, रक्तात सुटतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते साधारण दीड-दोन लिटर. बाकीचं परत शोषलं जातं, आणि त्यातला शेवटचा वाटा किती परत घ्यायचा हे एडीएच ठरवतं. म्हणूनच लघवी थोडी आणि गडद. (दारू एडीएचला दाबते, त्यामुळे पिणाऱ्याला सारखं उठावं लागतं.)

मिठाचा हिशेब मात्र वेगळ्या संप्रेरकाकडे आहे. रक्तदाब घटला की मूत्रपिंड रेनिन नावाचं विकर सोडतं, त्याच्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होतं आणि त्याच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडते. ते सोडियम राखतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. सोडियममागे पाणी येतंच. खारट खाल्ल्यावर हेच अल्डोस्टेरॉन कमी होतं. शिवाय, आणि मला यातला सगळ्यात गमतीचा भाग हाच वाटतो, रक्ताचं आकारमान वाढून हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की हृदय स्वतःच एएनपी नावाचं संप्रेरक सोडून मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावतं.